आवडत्या सूत्रसंचालकाला भेटायला जाताना: अनुभव आणि चर्चा

धागाकर्ता: कडेची खुर्ची

नमस्कार मंडळी,

दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालक मला शाळेत असल्यापासून आवडतात. नुकताच मी त्यांच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून जाऊन आलो. त्यांचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण एकदा नाव आले की चर्चा त्या व्यक्तीभोवतीच फिरू लागते. मला बोलायचे आहे ते अशा भेटीबद्दल: आपण नेमके कशासाठी जातो, तेथे काय मिळते आणि कशाची अपेक्षा धरू नये.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली ‘सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रेक्षक आणि पडद्यावरील यजमान यांच्या नात्याविषयी एक लेख लिहिला होता. त्यात त्यांनी जे टिपले आहे ते आजही तंतोतंत लागू पडते. सूत्रसंचालक कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट आपल्याकडे पाहून बोलतो, आपण काही उत्तर दिले असावे अशा बेताने मध्येच थांबतो, सहकाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारतो, कधी मंचावरून उतरून प्रेक्षकांत मिसळतो. आणि हे सारे ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे घडत राहिल्यामुळे हा माणूस आपल्या ओळखीचा आहे ही भावना मनात घर करते. ओळख मात्र एकाच बाजूची असते. त्यात काही विकृत आहे असे त्या दोघांनी म्हटलेले नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे नाते रोजच्या माणसांतल्या आयुष्याला पूरकच ठरते; त्या माणसांची जागाच ते घेऊ लागले तर मात्र काळजी करावी, असा त्यांचा सूर होता. घरातून निघताना हे माझ्या मनात स्पष्ट होते. ते मला ओळखणार नव्हते आणि ओळखण्याचे काही कारणही नव्हते. मला त्यांचे काम समोरून पाहायचे होते आणि संधी मिळालीच तर आभार मानायचे होते.

स्टुडिओबाहेर बराच वेळ रांगेत उभे राहावे लागले. प्रवेशाच्या वेळी मोबाइल काढून घेतले गेले. आपण कोठे बसायचे हे आपण ठरवत नाही. कॅमेऱ्यात कोणती बाजू कशी दिसते हे पाहून तेथील माणसे जागा देतात. बारीक रेघांचा सदरा घातलेल्या एका गृहस्थांना मागच्या रांगेत बसवले गेले, कारण अशा रेघा कॅमेऱ्यात थरथरल्यासारख्या दिसतात. चित्रीकरण सुरू होण्याआधी प्रेक्षकांना मोकळे करण्यासाठी एक वेगळाच कलाकार येतो. तो हसवतो, टाळ्यांचा सराव करून घेतो, आणि त्या टाळ्या तेव्हाच ध्वनिमुद्रित करून ठेवल्या जातात. वातानुकूलन इतके तीव्र होते की सोबत शाल नेल्याचे समाधान वाटले.

आता मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट. एका स्पर्धकाचे आडनाव लांबलचक आणि उच्चारायला अवघड होते. चित्रीकरण थांबलेले होते, रंगभूषाकार सूत्रसंचालकांच्या कपाळावरचा घाम टिपत होता, आणि ते हातातल्या कार्डाकडे पाहत ते आडनाव ओठांतल्या ओठांत पुन्हापुन्हा म्हणत होते. मग ते उठून त्या स्पर्धकाजवळ गेले, उच्चार बरोबर आहे का हे त्यांनी विचारले, एक अक्षर दुरुस्त करून घेतले आणि जागेवर परत आले. कॅमेरा सुरू झाल्यावर ते आडनाव त्यांच्या तोंडून इतके सहज आले की, घरी बसून पाहणाऱ्या कोणालाही त्यामागचे कष्ट कळले नसते. इतकी वर्षे त्यांच्याविषयी जो आदर वाटत आला, तो कशातून तयार झाला हे मला तेव्हा उमगले.

भेट म्हणाल तर ती अशी झाली. एका मध्यंतरात त्यांनी प्रेक्षकांतून कोणाला काही विचारायचे आहे का असे विचारले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “हरलेल्या स्पर्धकाशी तुम्ही ज्या रीतीने बोलता, ते पाहून मी वर्गात ‘मला हे माहीत नाही’ असे न लाजता म्हणायला शिकलो. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते.” ते क्षणभर थांबले, मान लववून त्यांनी माझे आभार मानले, मी काय करतो हे विचारले आणि माझे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले. तोवर फ्लोअर मॅनेजरने खूण केली आणि ते वळले. एवढेच. मला ते पुरेसे वाटले आणि आजही वाटते.

माझे मत असे बनले आहे की, चाहत्याने आपल्या आवडत्या सूत्रसंचालकाला भेटण्याची सर्वात चांगली जागा म्हणजे स्टुडिओतील प्रेक्षकांची खुर्ची होय. तेथे आपण बोलावलेले पाहुणे असतो, आणि ज्या कामामुळे तो माणूस आपल्याला आवडला ते काम तेथेच चाललेले असते. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

प्रतिसाद: निळी शाई

लेख मनापासून आवडला, विशेषतः आडनावाचा प्रसंग. तरीही शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपण इतका लांबचा प्रवास केला, रांगेत ताटकळलात, सांगितले तेव्हा टाळ्या वाजवल्यात, म्हणजे त्या कार्यक्रमाच्या निर्मितीला एका अर्थाने हातभारच लावलात, आणि त्या बदल्यात मिळाली ती काही क्षणांची, शेकडो लोकांसमोर झालेली बातचीत. याला भेट म्हणावे का? चित्रीकरण संपल्यावर सूत्रसंचालकाने दारापाशी थोडा वेळ उभे राहून लोकांशी दोन शब्द बोलावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला वाटत नाही. प्रेक्षक नसतील तर त्यांचा कार्यक्रमही नसेल. मी एका कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला गेले होते, तेव्हा निवेदिका मध्यंतरात एकदाही आमच्याकडे वळल्या नाहीत. मी अतिशय निराश होऊन परतले, आणि ती निराशा माझ्या अपेक्षांमुळेच झाली असे मानायला मी तयार नाही.

प्रतिसाद: पडद्यामागचा

निळी शाई, आपली निराशा समजते. मी बरीच वर्षे स्टुडिओच्या फ्लोअरवर काम केले आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

दररोज प्रसारित होणारा कार्यक्रम दररोज चित्रित होत असेल असे प्रेक्षकांना वाटते, पण स्टुडिओ, प्रकाशयोजना आणि माणसे यांचा खर्च पाहता ते परवडत नाही. अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेचे एका दिवसात पाच भाग चित्रित होतात. अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी १९८४ पासून २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे सूत्रसंचालन केले, तेही याच वेगाने. दोन भागांच्या मध्ये कपडे बदलायचे, पुढच्या भागाचे प्रश्न डोळ्यांखालून घालायचे, अवघड उच्चार तपासायचे, आणि पुन्हा तितक्याच उत्साहाने ‘आज’ म्हणून बोलायचे. एवढे करूनही ट्रेबेक मध्यंतरात प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत. म्हणजे धागाकर्त्यांना मिळाली तशी संधी काही कार्यक्रमांच्या रीतीतच असते. सगळ्यांना ते जमते असे नाही. काहींना मध्यंतरात गप्प राहूनच पुढच्या भागाची ताकद गोळा करावी लागते, आणि आपल्या निवेदिका त्यांपैकी असू शकतील.

प्रश्नमंजूषांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि ती प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते. १९५० च्या दशकात अमेरिकेत काही लोकप्रिय प्रश्नमंजूषांतील स्पर्धकांना आधीच उत्तरे पुरवली जात असल्याचे उघड झाले, आणि १९६० मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन असे करणे गुन्हा ठरला. तेव्हापासून उत्तरे ठाऊक असलेली माणसे आणि स्पर्धक यांना एकमेकांपासून कटाक्षाने दूर ठेवले जाते. सूत्रसंचालकाला उत्तरे ठाऊक असतात, म्हणून स्पर्धकाशी त्याची गाठ सेटवरच, सगळ्यांच्या देखत पडते. प्रेक्षकांत तर स्पर्धकांचे नातलग आणि मित्रही बसलेले असतात. एखादा सूत्रसंचालक बाहेरच्या मार्गिकेत कोणाशीच बोलत नसेल, तर त्यामागे हा नियम असण्याची दाट शक्यता असते. आणि तो नियम असल्यामुळेच घरी बसलेल्या प्रेक्षकाला त्या खेळावर विश्वास ठेवता येतो.

प्रतिसाद: उत्तररात्र

प्रेक्षकांच्या खुर्चीबद्दल धागाकर्त्यांनी लिहिले आहे त्यात मी भर घालू इच्छितो. त्या खुर्चीतून नुसत्या टाळ्याच वाजतात असे नाही. अमेरिकेतील फिल डॉनह्यू यांनी १९६७ मध्ये ओहायोतील डेटन येथून आपला चर्चेचा कार्यक्रम सुरू केला. मध्यंतरात स्टुडिओतील प्रेक्षक, आणि त्यांत बहुसंख्य गृहिणी होत्या, पाहुण्यांना जे प्रश्न विचारत ते आपल्या प्रश्नांहून सरस आहेत असे त्यांना दिसून आले. मग ते ध्वनिक्षेपक हातात घेऊन सरळ प्रेक्षकांत शिरले, आणि पुढे तीच त्या कार्यक्रमाची ओळख बनली. प्रेक्षकांपुढे ध्वनिक्षेपक धरणारे कितीतरी चर्चेचे कार्यक्रम त्यानंतर आले. कॅरल बर्नेट यांचे उदाहरणही असेच आहे. १९६७ ते १९७८ या काळात चाललेल्या त्यांच्या कार्यक्रमाची सुरुवात पुष्कळदा प्रेक्षकांशी होणाऱ्या प्रश्नोत्तरांनी होत असे. स्टुडिओतील दिवे लावले जात, हात वर होत, आणि पूर्वतयारीशिवाय त्या उत्तरे देत.

म्हणून निळी शाई यांना सुचवावेसे वाटते की, पुढच्या वेळी प्रेक्षकांशी बोलण्याची रीत ज्या कार्यक्रमात आहे तो निवडावा. प्रसारित झालेले काही भाग लक्षपूर्वक पाहिले तरी हे कळते. सूत्रसंचालक प्रेक्षकांतील एखाद्याकडे वळून बोलतो का, मध्यंतराहून परतताना हशा ऐकू येत असतो का, यावरून अंदाज बांधता येतो.

प्रतिसाद: सायंतारा

मी स्टुडिओत कधीच गेलेले नाही, प्रकृतीमुळे तितका प्रवास जमतही नाही. तरी मला माझ्या आवडत्या निवेदकांची भेट झाली असे मी मानते, कारण मी त्यांना पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तर आले होते.

पत्राने काय घडू शकते याचे माझ्या मनात ठसलेले उदाहरण फ्रेड रॉजर्स यांचे आहे. त्यांचा मुलांसाठीचा कार्यक्रम अमेरिकेत १९६८ ते २००१ या काळात प्रसारित झाला आणि तो पिट्सबर्ग येथील स्टुडिओत तयार होत असे. कार्यक्रमात ते एका टाकीतल्या माशांना खाऊ घालत. एका अंध मुलीच्या घरून त्यांना पत्र आले: मासे उपाशी तर नाहीत ना, याची तिला काळजी वाटते, तेव्हा खाऊ घालताना कृपया तोंडाने सांगत जा. त्यानंतर माशांना खाऊ घालताना आपण काय करत आहोत हे ते आवर्जून बोलून दाखवू लागले. ज्यांना दिसत होते त्यांना ते वाक्य कदाचित अनावश्यक वाटले असेल. त्या मुलीसाठी मात्र घरबसल्या घडलेली ती भेटच होती, आणि भेटीनंतर समोरचा माणूस तिच्यासाठी थोडा बदलला होता. रॉजर्स चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देणे हा आपल्या कामाचाच भाग मानत.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर दूरदर्शनवरील ‘सुरभि’चे देता येईल. १९९० च्या दशकात सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या त्या कार्यक्रमाला प्रश्नांच्या उत्तरांची पोस्टकार्डे अक्षरशः पोत्यांनी जात. हा ओघ इतका वाढला की टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे, जास्त किमतीचे पोस्टकार्ड काढले. त्या पोत्यांतून एक कार्ड उचलून सूत्रसंचालक नाव आणि गाव मोठ्याने वाचत, तेव्हा ज्याचे नाव वाचले गेले त्याच्या घरी काय झाले असेल याची कल्पना मी नेहमी करत असे. प्रवास करणारे कार्ड होते, भेटणारे माणूस होते.

डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्याविषयीही सांगायला हवे. निसर्गावरील त्यांचे कार्यक्रम जगभर पाहिले जातात, आणि तरीही ते पत्रांना स्वतःच्या हाताने उत्तरे लिहीत आले आहेत. अशा माणसाला पत्र लिहिताना आपणही दोन पानांऐवजी दहा-बारा ओळींतच म्हणणे मांडावे, एवढा विचार करायला हवा.

प्रतिसाद: कडेची खुर्ची

सायंतारा, आपला प्रतिसाद वाचून माझ्या मूळ विधानाला मर्यादा आहे हे पटले. ‘सर्वात चांगली जागा’ असे मी लिहिले ते प्रवास करू शकणाऱ्यांपुरतेच खरे आहे.

निळी शाई, आपण विचारलेत की याला भेट म्हणावे का. मी त्याचा पुष्कळ विचार केला. आपल्याला त्यांच्याविषयी जेवढे माहीत आहे तेवढे त्यांना आपल्याविषयी कळावे, अशी सुप्त इच्छा प्रत्येक चाहत्याच्या मनात असते आणि ती मानवी आहे. पण ती पंधरा मिनिटांतही पूर्ण होणार नाही, आणि तासाभरातही नाही. दारापाशी उभे राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन करणाऱ्या थकलेल्या माणसापेक्षा, एकदाच पण पूर्ण लक्ष देऊन माझे ऐकणारा माणूस मला अधिक भेटला असे वाटते. आपल्याला मात्र तेवढेही मिळाले नाही, आणि त्याची खंत रास्तच आहे. पत्र पाठवून पाहावे असे सुचवतो, आणि त्यात निराशेचा उल्लेख करायलाही हरकत नाही.

प्रतिसाद: वाटसरू

एक प्रश्न विचारतो. माझा एक तरुण नातेवाईक एका सूत्रसंचालकाच्या घराचा पत्ता शोधून तेथे जाण्याची तयारी करत आहे. हेतू अगदी निर्मळ आहे, स्वतः काढलेले चित्र भेट द्यायचे आहे. फाटकाबाहेर थांबण्यात गैर काय, असे तो विचारतो. अमिताभ बच्चन यांच्या घराबाहेर तर दर रविवारी गर्दी जमते आणि ते स्वतः बाहेर येतात, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याला काय सांगावे?

प्रतिसाद: पडद्यामागचा

वाटसरू, त्याला कृपया थांबवा, आणि चित्र कार्यक्रमाच्या निर्मिती कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवायला सांगा.

कारण स्पष्ट करून सांगतो, कारण तरुण माणसाला नुसती मनाई पटत नाही. १९८९ मध्ये लॉस एंजेलिस येथे रिबेका शेफर या दूरचित्रवाणीवरील तरुण अभिनेत्रीचा तिच्याच घराच्या दारात एका चाहत्याने खून केला. तिचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेरामार्फत वाहन परवान्यांच्या सरकारी नोंदींतून मिळवला होता. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा केला, आणि १९९४ मध्ये वाहनचालकांची वैयक्तिक माहिती उघड करण्यावर निर्बंध घालणारा कायदा साऱ्या अमेरिकेसाठी झाला. आपल्या नातेवाइकाचा या प्रकाराशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण दाराच्या आत असलेल्या माणसाला ते ठाऊक नसते. बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी तरुणाच्या हातात चित्र आहे आणि मनात माया आहे, हे त्याने कसे ओळखावे? त्या घरात कदाचित लहान मुले असतील, वृद्ध आईवडील असतील, आणि त्यांनी प्रसिद्धी निवडलेली नसते. सूत्रसंचालक स्त्री असेल तर हा मुद्दा दसपटीने गंभीर होतो.

अमिताभ बच्चन यांचे उदाहरण माझ्या मते नेमके उलट सांगते. मुंबईत जुहूच्या ‘जलसा’बाहेर रविवारी लोक जमतात, कारण तो दिवस त्यांनी स्वतः दिलेला आहे. मार्च २०२० मध्ये साथ पसरू लागली तेव्हा लोकांनी येऊ नये असे त्यांनी जाहीर केले आणि तो शिरस्ता थांबला; पुढे पुन्हा सुरू झाला तोही त्यांच्याच इच्छेने. या लोकांसमोर ते पायांत काही न घालता येतात आणि देवळात जाताना आपण असेच जातो ना, असे त्यांनी त्याचे कारण दिले आहे. ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाल्यापासून, म्हणजे २००० पासून, सूत्रसंचालक म्हणून त्यांच्यावर माया करणाऱ्यांची त्या गर्दीत भर पडली असणार. तेथे उभे राहणे म्हणजे दिलेल्या वेळेला जाणे होय. इतर कोणाच्या घराबाहेर, न बोलावता, न ठरवता उभे राहणे याची त्याच्याशी तुलना होऊच शकत नाही.

प्रतिसाद: वाटसरू

मनापासून आभार. ‘आतल्या माणसाला ते कसे कळावे’ हा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा विचारला. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग निर्मिती कार्यालयाचा पत्ता कोठे मिळेल हे त्याने विचारले. कार्यक्रमाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत निर्मिती संस्थेचे नाव असते, ते आम्ही टिपून घेतले आहे. मूळ चित्र स्वतःजवळ ठेवून चांगली छापील प्रत पाठवायचे ठरले आहे, म्हणजे ते गहाळ झाले तरी फार वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद: निळी शाई

धागाकर्ते आणि पडद्यामागचा, दोघांचेही प्रतिसाद शांतपणे वाचले. उत्तरे ठाऊक असलेल्यांना स्पर्धकांपासून दूर ठेवण्याचा नियम मला ठाऊक नव्हता. मी गेले होते तो कार्यक्रम प्रश्नमंजूषेचा नव्हता, त्यामुळे माझी तक्रार काही अंशी उरतेच, आणि मी ती पत्रात सभ्य शब्दांत लिहिणार आहे.

एक मुद्दा मात्र चर्चेत यायला हवा. आपण काय बोलायचे हे आधी ठरवून जावे. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीला संधी मिळाली असती तरी ती बोलू शकली नसती, इतकी ती रडत होती. आपण ज्याला रोज पाहतो तो माणूस अचानक समोर, खऱ्या उंचीचा आणि खऱ्या आवाजाचा दिसतो, तेव्हा मन भरून येते आणि शब्द सुचत नाहीत. धागाकर्त्यांचे वाक्य इतके नेमके होते की ते आधी तयार केलेले असावे असे वाटते.

प्रतिसाद: कडेची खुर्ची

होय, ते वाक्य मी प्रवासात कितीतरी वेळा मनाशी घोळवले होते. पहिल्या मसुद्यात ‘मी तुमचा सर्वात मोठा चाहता आहे’ असे होते, पण त्यावर समोरचा माणूस धन्यवादापलीकडे काय म्हणणार? त्यांनी केलेली एखादी ठरावीक गोष्ट आणि तिचा आपल्यावर झालेला परिणाम सांगितला, तर त्यांना बोलायला जागा मिळते. छायाचित्राची किंवा स्वाक्षरीची मागणी पहिल्या वाक्यात येऊ नये असेही मला वाटते, कारण मग उरलेला सारा वेळ कॅमेरा आणि पेन शोधण्यात जातो. मन भरून येणे मात्र कोणाला टाळता येत नाही, आणि टाळूही नये. त्या मुलीने वाक्य चिठ्ठीवर लिहून नेले असते, तर ती चिठ्ठी तेथील कर्मचाऱ्यांकडे देता आली असती.

प्रतिसाद: सायंतारा

चिठ्ठीची कल्पना फार आवडली. या चर्चेने मला उमेद आली आहे, आणि माझ्या भाच्याने सोबत येण्याची तयारी दाखवली आहे. मी चाकांच्या खुर्चीचा वापर करते. अशा व्यक्तीला प्रेक्षक म्हणून जाता येते का, किती वेळ बसावे लागते, आणि प्रवासाची तिकिटे केव्हा काढावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: पडद्यामागचा

सायंतारा, अवश्य जाता येते, मात्र आधी कळवणे अत्यावश्यक आहे. सेटवर जमिनीवर जाड तारा पसरलेल्या असतात आणि प्रेक्षकांची आसने बहुधा पायऱ्यांच्या मचाणावर असतात, त्यामुळे चाकांच्या खुर्चीसाठी सपाट जागा राखून ठेवावी लागते. प्रवेशिकेच्या अर्जातच तशी नोंद करावी आणि लेखी उत्तर येईपर्यंत गृहीत धरू नये. सोबत येणाऱ्याचे नावही त्याच अर्जात घालावे.

अर्ध्या तासाच्या भागाचे चित्रीकरण अर्ध्या तासात संपत नाही. रांग, तपासणी आणि पुन्हा घ्यावी लागणारी दृश्ये धरून अर्धा दिवस हाताशी ठेवावा. एकदा चित्रीकरण सुरू झाले की उठता येत नाही, म्हणून औषधांच्या वेळा आणि प्रसाधनगृहाची सोय याबद्दल आधीच विचारून घ्यावे. औषधे पारदर्शक पिशवीत ठेवल्यास तपासणी लवकर होते.

बहुतेक कार्यक्रमांच्या प्रवेशिका विनामूल्य असतात, त्यामुळे कोणी पैसे मागितले तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. विनामूल्य असल्यामुळे अनेकजण ऐनवेळी येत नाहीत, म्हणून आसनांपेक्षा जास्त प्रवेशिका दिल्या जातात. बीबीसीसारख्या संस्थाही हे आधीच स्पष्ट सांगतात. म्हणजे प्रवेशिका हातात असली तरी उशिरा पोहोचल्यास परत जावे लागू शकते. चित्रीकरणाची तारीख अगदी अखेरच्या क्षणीही बदलते. तेव्हा रद्द करता येतील अशीच तिकिटे काढावीत, आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचावे, आणि सकाळी निर्मिती कार्यालयाला दूरध्वनी करून वेळ पक्की करूनच निघावे.